मराठी शाळेतल्या पहिली-दुसरीच्या मुलांना इंग्रजी शिकवायला गाणी कितपत उपयोगी पडतात? कोणती निवडावीत?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या दोनशिक्षकी शाळेसाठी तुम्ही गाण्यांची यादी मागितली आहे. यादीचं नंतर बघू. गाणं पाठ झालं म्हणजे इंग्रजी आलं, हा समज आधी डोक्यातून काढा. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं आणि तेव्हापासून तो ठाण मांडून बसलाय. शिक्षण परिषदेत मुलं हातवारे करत सहा कडवी म्हणतात, टाळ्या पडतात. त्यातल्या एकाला मधलाच शब्द विचारून बघा. पहिल्या ओळीपासून म्हणत आल्याशिवाय त्याला तो सापडत नाही.

चालीत शब्द एकमेकांना चिकटतात. 'सी अ क्रॅब' मुलाला 'सीयाक्रॅब' असं एकसंध ऐकू येतं. ते सुटं करणं शिक्षकाचं काम, गाणं आपोआप करत नाही.

म्हणून स्वतः जुळवलेल्या दोनच ओळी घ्या:

व्हॉट कॅन यू सी ऑन द सॅन्ड?
आय कॅन सी अ क्रॅब ऑन द सॅन्ड.

पहिल्या ओळीत टाळ्या व्हॉट, सी, सॅन्डवर. दुसऱ्या ओळीत सी, क्रॅब, सॅन्डवर. चौथी टाळी दोन्हीकडे रिकामी. 'अ', 'ऑन द' टाळ्यांच्या मधल्या फटीत उरकायचे. मराठीच्या सवयीने मुलं 'अ'चा 'आ' करतात, त्यावरही टाळी मारतात आणि ठेका मोडतो. म्हणून आधी चालीशिवाय, नुसतं बोलत टाळ्या बसवा. चाल मागाहून.

मग टेबलावर पंचाखाली शिंपला, जाळ्याचा तुकडा, दोरी ठेवा. एकेक वस्तू उघडायची आणि क्रॅबच्या जागी शेल, नेट, रोप घालायचं. एका तासिकेत तीन शब्द पुरे. दुसऱ्या दिवशी टर्टल: अक्षरं वाढली तरी टाळी एकच, 'टर्'वर. शेवटी चाल काढून घ्या, वस्तू हातात धरून साधं विचारा. 'शेल' आलं तर शिकला. गुणगुणत सुरुवातीपासून आला तर अजून नाही.

अर्धा वर्ग विचारणार, अर्धा उत्तर देणार. बुवांनी ओळ टाकली की कोरसने उचलायची, हे आपल्या मुलांना भजनात बसून ठाऊक असतं. फक्त गजराची सवय आवरा. लय चढली की आधी शब्दांची शेपटं गळतात: सॅन्डचा 'ड', नेटचा 'ट'. पट्टीचंही तेच. गुरुजी स्वतःच्या सोयीने खाली सुरू करतात, मुलांचा आवाज तिथे पोचत नाही आणि ती सूर सोडून ओरडतात. दोन-तीन स्वर वर धरा.

स्पीकर लावून कोपऱ्यात वह्या तपासणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. ती चित्रफीत तुमच्या वर्गासाठी थांबत नाही आणि क्रॅबच्या जागी नेटही घालत नाही. 'मुलं खूश असतात' हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मुलं मधल्या सुट्टीतही खूशच असतात!

तरी उच्चारांची खात्री नसेल तर आदल्या रात्री ध्वनिफीत जरूर ऐका, विशेषतः 'व्हॅन' आणि 'वेट' यांतला फरक. लिहिताना वेगळं लिहिलं तरी बोलताना आपल्यातले बरेच जण दोन्हीकडे एकच 'व' काढतात. पहिलीचं एखादं मूल तोंडच उघडत नसेल तर मागे लागू नका. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांची १९६०च्या दशकातली भाषा शिकवण्याची पद्धत हेच सांगते: आधी ऐकून कृती, बोलणं नंतर. त्याने नेमका शिंपला उचलून दिला तरी त्या दिवसापुरतं झालं. आणि पत्र्याच्या शाळेत जुलैच्या सरीत गायला जाऊ नका, काहीही ऐकू येत नाही. तेव्हा चित्रं आणि खुणा.

यादी म्हणाल तर पाठ्यपुस्तकातली गाणी पुरेशी आहेत. ज्यात एक वाक्य पुन्हापुन्हा येतं आणि एकच शब्द बदलतो ती घ्या, बाकीची स्नेहसंमेलनाला ठेवा.