कायद्यात मारहाणीला बंदी असूनही कोठडीत आरोपींना मार का बसतो? पोलीस सुधारणा कुठे अडतात?

कायद्याचं आधी सांगतो. अटकेला विरोध करणाऱ्याला आवरण्यापुरतं बळ वापरता येतं, जमाव पांगवायला लाठी चालवता येते. पण माणूस ताब्यात आल्यावर कबुलीसाठी त्याला चापट मारायची मुभाही कुठल्या कलमात नाही. उलट तसं केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 120 खाली 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

मी तालुका कोर्टात फौजदारी वकिली करतो. अटकेनंतर 24 तासांत आरोपीला हजर करतात. मॅजिस्ट्रेट साहेब विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" हवालदार हातभर अंतरावर उभा. आरोपी म्हणतो, "नाही." तशी नोंद होते आणि पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मिळते. मागे मोबाईलचोरीतल्या एका पोराने असंच "नाही" म्हटलं. नंतर व्हरांड्यात बघितलं तर टाच न टेकवता चवड्यांवर चालत होता. म्हटलं, पुन्हा मेडिकलचा अर्ज देतो. तर म्हणाला, "नको सर, रात्री परत तिथंच जायचंय."

पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही, मग मारून मिळतं काय? मिळते ती रिकव्हरी. आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली की तेवढं निवेदन ग्राह्य धरतात. पूर्वीचं कलम 27, आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आलंय. दोन पंच, निवेदन पंचनामा, काम फत्ते. म्हणजे 'बाजीराव', ठाण्यातला मारायचा पट्टा, दर वेळी रागातून बाहेर निघत नाही, तपासाचा तो सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. तपास अंमलदाराचं निम्मं आयुष्य गणपती, सभा आणि मंत्र्यांच्या दौऱ्यांच्या बंदोबस्तात जातं. पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2006 साली सात निर्देश दिले. त्यातलाच एक, तपास आणि कायदा-सुव्यवस्था ही कामं वेगळी करा. चर्चा मात्र होते पोलीस महासंचालकांच्या कार्यकाळाच्या निर्देशाची.

आणि आपणही साळसूद नाही. आमच्या घरी चोरी झाली तेव्हा माझे सासरेच फौजदाराला म्हणाले होते, "दोन ठेवून द्या, पोपटासारखा बोलेल."

नियमांचा तुटवडा नाही. सुप्रीम कोर्टाच्या डी. के. बसू निकालातली अटकेची नियमावली ठाण्याच्या भिंतीवर टांगलेली असते. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावायला आणि फुटेज शक्यतो 18 महिने जपायला सांगितलं. मी एकदा ते मागितलं, तर उत्तर आलं, "डीव्हीआर नादुरुस्त." म्हणजे फुटेज साठवणारं यंत्रच बंद.

मला विचाराल तर नेमका घाव घालणारी सूचना विधी आयोगाने 1985 सालीच केली होती. कोठडीत इजा झाली तर ती पोलिसांनीच केली असं कोर्टाला गृहीत धरता यावं, खुलासा पोलिसांनी द्यावा. हे असतं तर डीव्हीआर बंद पडणं पोलिसांनाच महागात पडलं असतं. 2023 चा नवा साक्ष्य कायदा आला, त्यातही ती तरतूद नाही. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1997 साली सही केली, पण तो करार अजून अनुमोदित केलेला नाही.

तुमच्या ओळखीतलं कोणी अटकेत असेल तर वकिलाला पहिल्याच रिमांडच्या वेळी उभं करा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 53 प्रमाणे वैद्यकीय तपासणी होते, तिच्या अहवालाची प्रत मागून घ्या. आणि फुटेज जपण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या, पुढच्या तारखेची वाट बघू नका.