चित्रातल्या प्रतीकांना खरंच अर्थ असतो, की चित्रकार तो मागाहून चिकटवतात?

तुम्ही विचारलंय की प्रतीक आधी सुचतं की अर्थ मागाहून चिकटवला जातो. शिवाय तुमच्या पिंजऱ्याच्या चित्राला सरांनी ‘स्वातंत्र्य’ असं नाव दिलं, ते बरोबर का. हा दुसरा भाग वाचला आणि राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

माझ्या बहुतेक चित्रांत वरच्या अंगाला एक पांढरा चौकोन असतो. प्रदर्शनात लोक त्याला खिडकी म्हणतात, आशेचा किरण म्हणतात. ते सवणं आहे. माळवदाच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या घरात उजेड यावा आणि धूर जावा म्हणून छताला ठेवलेलं हातभर भोक.

आमचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या बाजूला. घर दगडमातीचं, भिंती दोन-अडीच हात रुंद, आतल्या खणाला खिडकी एकही नाही. सगळा उजेड त्या सवण्यातून. सकाळी उन्हाचा चौकोन मावळतीच्या भिंतीवर पडायचा आणि हळूहळू उतरंडीवरून खाली यायचा. वरून तिसऱ्या मडक्यावर आला की आज्जी मला शाळेला पिटाळायची. चुलीपाशी आला की रानात भाकरी न्यायची वेळ. आमच्या घरात घड्याळ होतं, पण आज्जीनं त्याच्याकडे कधी पाहिलं नाही. चौकोनात धूर निळा दिसायचा. मी त्यात हात घालायचो आणि हात कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा वाटायचा.

३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं झोपलेली, पहाटेचे चारही वाजले नव्हते. माळवद गळू नये म्हणून त्यावर मातीचे थर चढत गेलेले, दीड-दोन फूट माती झालेली. भिंतीतले दगड नुसत्या चिखलात बसवलेले, आतली आणि बाहेरची बाजू बांधून धरणारा आडवा दगड नाही. भिंती फुटल्या आणि ते सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. त्या पट्ट्यात आठ-दहा हजार माणसं गेली. आज्जी आत होती. मी नऊ वर्षांचा, अण्णांजवळ अंगणात झोपलो होतो.

पुढं गाव नव्या जागी बसलं. सिमेंटची घरं, मोठ्या खिडक्या. सवणं कुणालाच नको होतं, आणि ते बरोबरच होतं.

चित्रकला शिकायला गेलो तेव्हा तिसऱ्या वर्षाला मी हे घर काढलं. आमचे एक सर होते (नाव सांगत नाही). ते म्हणाले, उजेड चुलीवर काय पाडतोस, देवळीवर (भिंतीतल्या दिव्याच्या कोनाड्यावर) पाड, म्हणजे अर्थ निघेल. बघणाऱ्याला कळेल असं प्रतीक पाहिजे. कमळ म्हणजे पावित्र्य, कबूतर म्हणजे शांतता, तसं. आधी ते आम्हाला अजिंठ्याला घेऊन गेले होते. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या हातातलं कमळ दाखवून हेच सांगितलं होतं. मी ऐकलं. चौकोन देवळीवर सरकवला, आत दिवा ठेवला, चित्र वार्षिक प्रदर्शनात लागलं आणि त्याला बक्षीसही मिळालं.

आई बघायला आली. तिनं आयुष्यात चित्रांचं प्रदर्शन पाहिलं नव्हतं. बराच वेळ चित्रासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “हे कुठं काढलास रं? सवणं चुलीच्या अंगाला होतं की. धूर कुठून जाणार मग?” नंतर बोटानं हवेत दाखवत राहिली, इथं उतरंड, इथं जातं, इथं तुझी आज्जी बसायची. सर शेजारीच होते. ते हसले. मला आजही त्या हसण्याचा राग येतो, कारण त्या दालनात ते चित्र नीट वाचणारी ती एकटीच होती.

घरी नेऊन मी ते चित्र खरवडलं आणि उजेड चुलीवर आणला. तेव्हापासून त्या चौकोनासाठी विकतचा पांढरा वापरत नाही. जुन्या गावठाणातली माती आणतो, फडक्यातून गाळतो, बाभळीच्या डिंकात कालवतो. आमच्याकडे वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात आणि रानाला काळी. माझ्या चित्रात पांढरं म्हणजे तीच पांढरी. आज्जीवर पडली तीही हीच माती. काळा रंग काजळीचा. अजिंठ्याच्या चित्रकारांनीही गेरू, पिवळी माती असलेच रंग वापरले होते, लाजवर्दी निळा तेवढा दूरदेशाहून आलेला. आता जातो तेव्हा कमळापेक्षा पोपडा निघालेल्या जागी दिसणारा भुशाचा गिलावा जास्त वेळ बघतो.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की पद्मपाणीचं कमळ सगळ्यांच्या ओळखीचं आहे, ते परंपरेनं ठरवून दिलेलं. त्याला मान आहेच. पण स्वतःच्या घरातून आलेलं प्रतीक यादीत सापडत नाही, आणि यादीत बसवायला गेलात की ते खोटं होतं. मागाहून अर्थ चिकटवणारेही आहेत. कॅटलॉगला चार ओळी लागतात म्हणून तसं मी स्वतः दोनदा केलंय, आणि ती दोन्ही चित्रं मला आवडत नाहीत.

एक सांगायचं राहिलं. सगळ्याच चित्रांत प्रतीक नसतं. अमूर्त चित्रं काढणाऱ्या वासुदेव गायतोंड्यांच्या चित्रापुढे उभं राहून ‘हे कशाचं?’ विचारलंत तर हाती काही लागणार नाही, तिथं रंगच बघायचा. सरांनी हात बसवला, रेषा शिकवली, तेही नाकारत नाही. फक्त अर्थाच्या बाबतीत त्यांचं ऐकायला नको होतं.

तुमच्या घरी पिंजरा होता का? असेल तर तो कुठं टांगलेला असायचा, दार कुठल्या बाजूला उघडायचं, पाणी कोण घालायचं, हे आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. चित्र त्यांना दाखवा. सरांना नंतर.