रांगोळीला बोलावतात, चित्रांचं कुणी विचारत नाही

*ताई, सप्रेम नमस्कार. मी मिरजेची, वय 54. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा 'ए' ग्रेडने पास झाले, एटीडीला, म्हणजे कलाशिक्षक पदविकेला, प्रवेश घेतला आणि लग्न ठरलं. ते शिक्षण राहिलं ते राहिलंच. मुलं मोठी झाल्यावर पुन्हा ब्रश हातात घेतला. आमचं घर सतारमेकर गल्लीच्या जवळ, त्यामुळे तिथलीच चित्रं जास्त काढते. सगळी जलरंगात.*

*सांगलीतल्या एका कलादालनाशी मी कित्येक वर्षं जोडलेली आहे. कुठलंही उद्घाटन असो, दारातली रांगोळी माझी, समईची तयारी माझी, पाहुण्यांचा चहा माझ्याकडे. परवा ग्रुपवर मेपर्यंतचा कार्यक्रम आला. 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिनानिमित्त नेपथ्याच्या आराखड्यांचं प्रदर्शन, डिसेंबरात ग्रुप शो, जानेवारीत दोघांचे सोलो, मार्चमध्ये महिला दिन, मेमध्ये मुलांचं शिबिर. माझं नाव एकदाच आहे, शेवटच्या ओळीत: 'रांगोळी व स्वागत'. मी काही बोलण्याआधीच चिटणीस म्हणाले, "महिला दिनाला तुमचीही दोन चित्रं लावू की!" रात्रभर झोप लागली नाही.*

*मिस्टर म्हणतात, हौस म्हणून ठीक आहे, वाद कशाला? चिटणीस त्यांचे जुने मित्र. पुण्याची मुलगी म्हणते, सोड तो ग्रुप. मी कधी तोंडाने मागितलं नाही हे खरं, पण इतक्या वर्षांत त्यांना कळायला नको का? आणि खरं सांगू, माझी चित्रं त्या भिंतीवर लावण्याच्या लायकीची आहेत का, हेच मला कळत नाही. सोडून देऊ का? सोबत पाच चित्रांचे फोटो आणि कार्यक्रमपत्रिका पाठवत आहे.*

प्रिय भगिनी,

ग्रुप सोडू नका. निदान आत्ता तरी नको. आधी तारीख मागा, आणि ती लेखी मागा.

"त्यांना कळायला नको का?" या तुमच्या प्रश्नावर मी बराच वेळ थांबले. त्यांना कळणार नाही. तुमची चित्रं घरात, तुमची रांगोळी त्यांच्या दारात. त्यांनी पाहिलंय ते एवढंच. कलादालन चालवणारी चार माणसं तारखा, वीजबिल, पाहुणे आणि मांडव यांत गुंतलेली असतात. जो अर्ज घेऊन येतो त्याला तारीख मिळते. जानेवारीत सोलो मिळालेल्या दोघांनी मागितलं असणार, याबद्दल मला शंका नाही. तुमच्यावर अन्याय झाला नाही असं मी म्हणत नाही. वर्षानुवर्षं एका बाईकडून काम करून घ्यायचं आणि "ताई, तुम्ही काय काढता?" एवढंही विचारायचं नाही, हे चुकलंच त्यांचं. पण रागावून निघून गेलात तर त्यांना वाटेल की रांगोळीवाल्या ताई कशावरून तरी रुसल्या. तुम्हाला सोलो हवा होता, हे त्यांना शेवटपर्यंत कळणार नाही.

कार्यक्रमपत्रिका मी दोनदा वाचली. तुमच्या नजरेतून एक गोष्ट सुटली आहे, कारण तुम्ही तिच्यात स्वतःचं नाव शोधत होतात. फेब्रुवारी मोकळा आहे. जानेवारीत सोलो, मग एकदम मार्च. दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे त्या महिन्यात शाळा-कॉलेजची मुलं फिरकत नाहीत, म्हणून तो सोडला असावा. तुमच्या दृष्टीने महिना उत्तम आहे. हवा कोरडी, कागदाला दमट लागत नाही, संध्याकाळी माणसं बाहेर पडतात. फेब्रुवारीच मागा.

त्याऐवजी "जुलै-ऑगस्टमध्ये बघू" असं उत्तर आलं तर हो म्हणू नका. तुम्हाला मी काय सांगायचं? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेलं की सगळ्या सांगलीचं लक्ष त्या आकड्याकडे लागतं. 2019 चा महापूर तुम्ही पाहिलाय. त्या दिवसांत चित्रं बघायला कोण येणार? आणि जलरंगाचा कागद दमट भिंतीवर काचेआड ठेवला तर बुरशी धरायला वेळ लागत नाही.

आता चित्रांविषयी. मी चित्रकार नाही, पण आयुष्यभर चित्रं पाहत आले आहे, तेव्हा जे दिसलं ते मोकळेपणाने लिहिते. सतारीसाठी कापलेल्या भोपळ्याचं चित्र मी पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं. बाहेरून तो मातकट, आणि आतल्या पोकळीत उजेड पडलाय तिथे तुम्ही पिवळा इतका पातळ सोडलाय की कागदच उजळलेला दिसतो. दुसऱ्या चित्रातला कारागीर दोन्ही हातांनी नक्षी कोरतोय आणि दांडी पायाच्या अंगठ्याने दाबून धरलीय. त्या अंगठ्याच्या नखात अडकलेला भुसासुद्धा तुम्ही सोडला नाहीत. रोज त्या गल्लीतून जाणाऱ्या माणसालाच हे दिसतं. तिसरं, ओळीने टांगलेल्या तंबोऱ्यांचं, तेही चांगलं आहे. कृष्णाकाठच्या सूर्यास्ताची दोन्ही मात्र गाळा. ती कुणीही काढली असती.

म्हणजे तुमच्याकडे प्रदर्शनाचा विषय तयार आहे. साधारण 1850 पासून मिरजेत तंतुवाद्यं बनतात, शस्त्रं घडवणाऱ्या हातांनी हे काम उचललं. मंगळवेढ्याकडून भोपळे येतात आणि मिरजेतून सतारी-तंबोरे देशभर जातात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत फोटो आले. पण फोटोसाठी माणूस गल्लीत येतो आणि तासाभरात निघून जातो. तुम्ही तिथे वर्षानुवर्षं बघत बसला आहात. एटीडी अर्धवट राहिल्याचं मनातून काढून टाका. भिंतीवरच्या चित्राखाली कुणाची पदवी लिहीत नाहीत.

तरीही लायकीची शंका जात नसेल, तर एक दिवस सातारा जिल्ह्यातल्या औंधचं संग्रहालय बघून या. रेल्वेने रहिमतपूरला उतरायचं आणि पुढे गाडीने. सुट्टीचा वार आधी फोन करून विचारा. यमाईच्या डोंगरावर औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली ते संग्रहालय उभं केलं. पंत स्वतः चित्रं काढायचे, कीर्तन करायचे आणि राज्यही चालवायचे. एवढ्याशा गावात त्यांनी राजा रविवर्म्यांची अस्सल तैलचित्रं आणली, धुरंधरांची चित्रं आणली, इंग्लिश शिल्पकार हेन्री मूरचं माता-बालकाचं शिल्पही तिथे आहे. तिथे घाई करू नका. एका चित्रासमोर जवळून उभ्या राहा, मग दहा पावलं मागे या. लांबून काय टिकतं, काय विरघळून जातं, ते बघा. घरी आल्यावर तुमची चित्रं भिंतीला टेकवून त्याच अंतरावरून बघा. कुठली ठेवायची आणि कुठली काढायची, ते तुमचं तुम्हालाच दिसेल. रविवर्म्याशी तुलना करायला मी पाठवत नाहीये, अस्सल चित्रासमोर उभं राहिलं की स्वतःच्या कामाकडे बघायची नजर तयार होते म्हणून पाठवते आहे. आणि त्या भोपळ्याचं चित्र गल्लीतल्या एखाद्या जुन्या कारागिराला दाखवा. कापाची जागा चुकली असेल तर तो लगेच सांगेल. त्याचं मत मला कुठल्याही परीक्षकाइतकंच मोलाचं वाटतं.

आता अर्ज. मिस्टरांच्या मार्फत निरोप देऊ नका. ते मित्राला म्हणतील, "हिचं जरा बघ की," आणि तुमचा अर्ज उपकार होऊन बसेल. स्वतः जा, कागद हातात द्या. मजकूर साधा ठेवा:

"स.न.वि.वि. मिरजेतील तंतुवाद्य कारागिरांवरील माझ्या जलरंग चित्रांचे प्रदर्शन आपल्या दालनात भरवण्याची इच्छा आहे. फेब्रुवारी महिन्यातील कोणताही आठवडा चालेल. सोबत दहा चित्रांचे फोटो, माप आणि माध्यम यांसह जोडले आहेत. दालनाच्या अटी व शुल्क लेखी कळवावे. कळावे."

एवढंच. "लहान तोंडी मोठा घास" वगैरे काही लिहू नका.

फोटो मात्र नव्याने काढा. तुम्ही पाठवलेल्यांत काचेवर ट्यूबलाइट चमकते आहे. काच काढून, सकाळी खिडकीजवळ, ऊन थेट न पडता, मोबाईल चित्राला समांतर धरून काढायचे. फ्लॅश नको. दालनाची भिंत टेपने मोजून घ्या. तुमची चित्रं बहुतेक अर्ध्या शीटची, म्हणजे 15 बाय 22 इंचांची दिसतात. उभं चित्र, भोवती माउंटची पुठ्ठ्याची चौकट आणि फ्रेम, दोन चित्रांमधली मोकळी जागा धरली तर एका चित्राला सुमारे तीन फूट भिंत लागते. 18 चित्रांना 54 फूट झाले. जागा असली तरी 40 चित्रं लावू नका, लोकांचे डोळे थकतात. चित्राचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या आसपास येऊ द्या.

खर्चाची धास्ती फ्रेमिंगची असते. सगळ्या फ्रेम एकाच मापाच्या करा, म्हणजे पुढच्या प्रदर्शनाला त्याच कामी येतील. फ्रेममध्ये काटकसर चालेल, माउंटमध्ये नको. स्वस्त पुठ्ठ्यातलं आम्ल कागदात उतरतं आणि काही वर्षांत कडा पिवळ्या पडतात. ॲसिड-फ्री बोर्ड मिळतो, तोच मागा. किंमत मापाप्रमाणे ठेवा, एका मापाला एकच. विक्रीवर दालन किती टक्के घेतं, निमंत्रणपत्रिका कोण छापणार, रात्री कुलपाची जबाबदारी कुणाची, हे सगळं आधी विचारून लिहून घ्या. ओळखीच्या ठिकाणीच हे विचारायचं राहून जातं आणि मग मनं दुखावतात.

एक सुचवू? प्रदर्शनातली एक संध्याकाळ गल्लीतल्या माणसांसाठी ठेवा. एखाद्या कारागिराला विनंती करा, त्यांनी तंबोऱ्याची जवारी तिथेच सगळ्यांसमोर काढावी. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासायची, तार छेडून ऐकायची, पुन्हा जराशी घासायची, मग तारेखाली सूत सरकवायचं, आणि एका क्षणी तो स्वर भरून येतो. मिरज-सांगलीत गाणं ऐकणारे घरोघरी आहेत. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात होणाऱ्या मैफलींना रात्र-रात्र बसणारी माणसं आहेत. पण ती जवारी निघताना किती जणांनी पाहिली असेल? कारागिराचं मानधन कार्यक्रमाच्या खर्चात धरा, त्यांना फुकट बोलावू नका. त्यांच्या घरच्या बायकामुलांनाही निमंत्रण द्या, स्वतः घरी जाऊन. ज्यांच्या हातांची चित्रं भिंतीवर आहेत त्यांनी ती आधी बघावीत, असं मला फार मनापासून वाटतं.

महिला दिनाची दोन चित्रं द्या. ते प्रदर्शन वाईट नाही, तिथे तुमच्यासारख्या आणखी काही जणी भेटतील, ज्यांच्या घरी अशाच चित्रांच्या गुंडाळ्या पडून आहेत. पण तुमच्या अर्जाला उत्तर म्हणून ती दोन चित्रं पुढे केली, तर शांतपणे सांगा: "ते देतेच, पण माझा अर्ज फेब्रुवारीचा आहे."

आणि रांगोळी. तुमच्या पत्रात रांगोळीबद्दल एक कडवटपणा आलाय, तो मला टोचला. सांगलीत रांगोळीचे मोठमोठे कलावंत झाले, ती काही दारातली हमाली नाही. राग यायला हवा तो तिच्याखाली तुमचं नाव नसण्याचा. यापुढे उद्घाटनाला रांगोळी काढाल तर पत्रिकेत "रांगोळी" या शब्दापुढे तुमचं पूर्ण नाव छापायला सांगा. चहाचं मात्र दुसऱ्या कुणाकडे सोपवा. पाळी लावा, पुरुषांसकट.

मिस्टरांना अर्ज देण्याआधी सांगा, परवानगीसाठी नव्हे, त्यांना बाहेरून कळू नये म्हणून. "तुमच्या मैत्रीला धक्का लागेल असं मी काही बोलणार नाही, पण हे मी मागणार आहे," एवढं पुरे. तुमच्या पत्रावरून ते मनाने वाईट वाटत नाहीत, त्यांना फक्त वादाची भीती वाटते. फ्रेमवाल्याकडे जाताना त्यांना सोबत न्या. अठरा चित्रं एका जागी ओळीने उभी राहिलेली त्यांनी बहुधा कधी पाहिलेलीच नाहीत.

अर्ज दिवाळीच्या गडबडीआधी द्या. एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि तिच्यावर तारखेसह पोच घ्या. समिती नाही म्हणाली, तर कारण विचारा आणि कोल्हापूरच्या शाहू स्मारक भवनातल्या कलादालनात चौकशी करा. मिरजेहून ते काही लांब नाही. तेही जमलं नाही तर गल्लीतलाच एखादा वाडा किंवा शाळेचा हॉल चार दिवसांसाठी मागा, कारागीर नाही म्हणणार नाहीत. पंधरा दिवसांत कुठूनच उत्तर आलं नाही तर मला पुन्हा लिहा, आणि लिहिताना नव्याने काढलेले दहाही फोटो पाठवा.

तुमची,
ताई