डिस्चार्ज समरीवरची सही आणि अपोस्टिल

वडिलांची डिस्चार्ज समरी (रुग्णालयातून घरी सोडताना मिळणारा उपचारांचा गोषवारा) परदेशातील रुग्णालयासाठी अपोस्टिलला, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणाऱ्या सरकारी प्रमाणपत्रासाठी, दिली आणि ‘सही जुळत नाही’ एवढ्याच शेऱ्यानिशी ती परत आली, हे तुम्ही लिहिले आहे. भावाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी आम्ही नेमके येथेच अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो. अर्ज आणि शुल्क यांची माहिती तुम्हाला असेलच.

१९६१ च्या हेग करारानुसार अपोस्टिल फक्त सही, सही करणाऱ्याचा अधिकार आणि शिक्का यांची खातरजमा करते. आजाराविषयी काय लिहिले आहे ते खरे की खोटे, याच्याशी तिचा संबंध नसतो. त्यामुळे सगळे एका प्रश्नावर येऊन ठेपते : सही करणाऱ्याची नमुना सही अपोस्टिल देणाऱ्या कार्यालयाच्या दप्तरी आहे का? आमच्या समरीच्या शेवटच्या पानावर तळाशी एक तिरपी रेघ आणि तिच्यावर अर्धवट उमटलेला गोल शिक्का होता. नाव नाही, हुद्दा नाही, नोंदणी क्रमांक नाही. बहुधा पाळीवर असलेल्या निवासी डॉक्टरांनी ती सही केली असावी.

कार्यालयाला हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगता आले असते. पण ते कार्यालय दर वेळी कागद ठेवून घेई, काही दिवसांनी तसेच परत करी आणि ‘रुग्णालयात विचारा’ म्हणे. रुग्णालय पुन्हा त्यांच्याकडेच बोट दाखवी. नमुना सह्यांची नोंदवही उघडून पाहण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत आणि शस्त्रक्रियेची तारीख हातची गेली. आजारी माणसाच्या घरच्यांना असे हेलपाटे घालायला लावणे मला आजही अक्षम्य वाटते. तुम्ही मात्र नकाराचे कारण लेखी मागा आणि मिळेपर्यंत खिडकी सोडू नका.

माझ्या मते, रुग्णालयाच्या लेटरहेडवर वैद्यकीय अधीक्षकांचे किंवा ज्यांची सही दप्तरी आहे अशा डॉक्टरांचे, पूर्ण नाव, हुद्दा आणि नोंदणी क्रमांक असलेले स्वतंत्र प्रमाणपत्र घेणे सर्वांत खात्रीचे. नोटरीचा मार्गही असतो, परंतु त्यात अपोस्टिल नोटरीच्या सहीवर होते, डॉक्टरांच्या नव्हे; ते चालेल का, हे तिकडच्या रुग्णालयाला ईमेलने आधी विचारा. मी वकील नाही आणि नियम देशागणिक बदलतात. तो देश करारात नसेल, तर दूतावासाकडूनही साक्षांकन करून घ्यावे लागते.

भाषांतर शक्यतो शेवटी करा, कारण पुष्कळ ठिकाणी अपोस्टिलचेही भाषांतर मागतात. जोडलेली पाने स्कॅनसाठी सोडवू नका. पिन निघालेली दिसली की कागदाविषयी शंका घेतली जाते. आणि सगळी फाइल घेऊन जाऊ नका : रक्ताचे अहवाल आणि एक्स-रे डॉक्टर बऱ्याचदा तसेच पाहतात, तेव्हा तिकडून नाव घेऊन मागितलेले कागद तेवढेच साक्षांकनाला द्या.