संगणक हवा तो व्ह्यू काढून देत असताना आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला हाताने पर्स्पेक्टिव्ह (यथार्थदर्शन, म्हणजे जवळचे मोठे आणि दूरचे लहान दाखवणारे चित्र) का शिकवावे, आणि त्याला किती तास द्यावेत?

तासांचे गणित प्रत्येक महाविद्यालयाने आपापले मांडावे. ‘का’बद्दल मात्र मला बोललेच पाहिजे, कारण याच प्रश्नावर मी एकदा भर ज्युरीत, म्हणजे विद्यार्थ्यांचे काम तपासणाऱ्या परीक्षकांच्या बैठकीत, हरलो आहे.

मी पहिल्या वर्षाच्या मुलांना कार्ल्याच्या चैत्यगृहात नेत असे. टेप पिशवीतच ठेवायची, दाराशी बसायचे आणि दिसते तसे काढायचे, एवढीच सूचना असे. सुमारे १२४ फूट लांबीचे ते दालन, दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांबांची रांग, आणि वरच्या गवाक्षातून आलेल्या उजेडात टोकाला दिसणारा स्तूप. एका विद्यार्थिनीने तो स्तूप जवळजवळ दुप्पट मोठा काढला. हात ताणून पेन्सिलीने माप घ्यायला सांगितले, तेव्हा तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. तिने मापाने दुसरे चित्र काढले आणि दोन्ही एकाच शीटवर शेजारी शेजारी लावली. ज्युरीत माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पहिल्या चित्रावर लाल फुली मारली, गुण कापले, आणि ‘हिला व्हॅनिशिंग पॉइंट (दूर जाणाऱ्या समांतर रेषा जिथे मिळताना दिसतात तो बिंदू) कळलेला नाही’ असा शेरा दिला.

वास्तविक त्या मुलीला जे कळले होते ते आम्हा परीक्षकांपैकी फार थोड्यांना कळले होते. दूरची वस्तू डोळ्यांत लहान उमटली, तरी मेंदू अंतराचा हिशेब धरून ती मोठीच मानतो. त्यात उजेड नेमका स्तूपावर असल्याने नजर तिथेच खिळते. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लॉरेन्समध्ये वास्तुकार ब्रुनेलेस्कीने आपले यथार्थदर्शन पटवून दिले, तेही चित्रफलकाला भोक पाडून, पाहणाऱ्याचा एकच डोळा त्या भोकाला लावून आणि समोर आरसा धरून. म्हणजे ती किमया साधायला माणसाला जागेवर खिळवून ठेवावे लागले. संगणकातला कॅमेरा हे तेच भोक आहे, फरक इतकाच की त्यातून दिसणारा कोन हवा तेवढा रुंद करता येतो. म्हणूनच १० बाय १२ फुटांची खोली रेंडरमध्ये, म्हणजे संगणकाने काढलेल्या चित्रात, दिवाणखान्यासारखी दिसते आणि ताबा घेताना घरमालकाचा चेहरा उतरतो.

तेव्हा हाताने शिकवा, पण सुबक रेषेसाठी नव्हे. दिसले तसे एक आणि मोजून एक अशी दोन चित्रे काढून घ्या, आणि त्यांतला फरक विद्यार्थी कसा समजावून देतो त्याला गुण द्या. एलिमेंटरी-इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा उत्तीर्ण होऊन आलेली मुले इथे बहुधा अडखळतात, कारण त्यांचा हात डोळ्यांच्या आधी धावतो. अर्थात मंजुरीचे नकाशे मापातच हवेत, आणि संगणकाशी माझे वैर नाही. दुसऱ्या सत्रापासून तो खुशाल वापरू द्या.

ज्युरीला मात्र ती जागा स्वतः पाहिलेलाच परीक्षक बसवा. लाल फुली मारणारे आमचे ते सहकारी दोनदा कार्ल्याच्या सहलीला आमच्याबरोबर होते आणि दोन्ही वेळा पायथ्याच्या चहाच्या टपरीवरून उठले नव्हते.