वाचक विचारतात: सोया दूध फाटतं, आणि कपाटातल्या चामड्याच्या बुटांचं काय करू?

मागच्या अंकात व्हीगन राहणीबद्दल, म्हणजे दूध, अंडी, मांस, चामडं असं जनावरांकडून येणारं काही न खाता-वापरता राहण्याबद्दल, प्रश्न पाठवा म्हटलं आणि इतकी पत्रं आली की सगळी घेणं शक्यच नव्हतं. जी वाचताना वाटलं की हे अजून दहाजणांना अडलेलं असणार, ती निवडलीत. नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

ताई, दूध सोडून दोन महिने झाले. बाकी सगळं जमतंय पण सकाळची कॉफी काही जमत नाही. सोया दूध ओतलं की पांढऱ्या गुठळ्या तरंगायला लागतात. तीन कंपन्या बदलून झाल्या. दूध खराब असतं का?

नाही हो, दूध चांगलंच असतं, ते सिंकमध्ये ओतून देऊ नका. सोयातलं प्रोटीन आंबट आणि गरम असं दोन्ही एकदम अंगावर आलं की गोळा होतं, आणि टोफू, म्हणजे सोयाचं पनीर, करतात तोही गरम सोया दूध असंच मुद्दाम फाडून. कॉफी मुळात आंबट असते, हलकी भाजलेली असेल तर अजूनच, आणि आपण काय करतो तर फ्रिजमधलं गार दूध उकळत्या कॉफीत धार धरून सोडतो, मग पहिला घोट पडतो तोच फाटतो. उलटं करून बघा. दूध आधी चांगलं कोमट करून कपात घ्या, कॉफी दोनेक मिनिटं निवू द्या आणि मग ती दुधात हळूहळू ओता, चमचा फिरवत. कॉफी गडद भाजलेली घेतलीत तर निम्मं काम तिथेच होतं. पाकिटावर बरिस्ता लिहिलेलं दूध मिळतं त्यात बहुतेक वेळा फॉस्फेटचा क्षार असतो, तो आंबटपणा सांभाळतो म्हणून ते फाटत नाही.

ओट दूध सहसा फाटत नाही कारण त्यात प्रोटीनच कमी, साधारण १०० मिलीला १ ग्रॅम, तर सोयात ३ च्या आसपास. म्हणून कॉफीपुरतं ओट ठीक, पण रोजचं पोटात जाणारं दूध सोयाचं असावं असं माझं मत. आणि पाकिटावर कॅल्शियम १०० मिलीला १२० मिलिग्रॅमच्या जवळ आहे का बघा, ते गाईच्या दुधाइतकं झालं. ते कॅल्शियम तळाला बसतं, त्यामुळे पाकीट जोरात हलवूनच ओता, नाहीतर सगळं खाली राहतं आणि आपण वरचं पाणी पितो. घरी केलेल्या दुधात हे वरून घातलेलं काहीच नसतं, ते लक्षात असू द्या.

मुलाच्या वाढदिवसाला अंड्याशिवाय केक करायचाय. जवसाचं पीठ घालून बघितलं तर केक विटेसारखा झाला. काय चुकलं?

चुकलं एवढंच की जवसाला जे येत नाही ते काम तुम्ही त्याला सांगितलंत. अंडं केकमध्ये दोन वेगळी कामं करतं, धरून ठेवणं आणि फुलवणं. एक मोठा चमचा जवसाचं पीठ तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवलं की चिकट होतं, ते धरून ठेवतं, म्हणून कुकीज किंवा मफिनला उत्तम, पण हलका स्पंज हवा असेल तर ते जड पडतं. साध्या केकला एक कप सोया दुधात चमचाभर व्हिनेगर घालून पाच मिनिटं ठेवा (इथे ते फाटलेलंच हवं असतं!) आणि पिठात खायचा सोडा, दोघं भेटले की बुडबुडे होतात आणि केक फुलतो, फक्त मिसळल्यावर गप्पा मारत बसू नका, ओव्हन आधी तापलेला हवा.

आणि वरचा पांढरा फेसाचा थर हवा असेल तर काबुली चणे शिजवलेलं पाणी. मला स्वतःला हे पहिल्यांदा करेपर्यंत खरं वाटलं नव्हतं. पाणी जरा दाटसर, बोटाला चिकटणारं हवं, पातळ असेल तर आटवून गार करा. भांडं अगदी कोरडं, तेलाचं बोटसुद्धा लागलेलं नको. बीटर चालू केला की आधी साबणासारखा फेस येतो आणि वाटतं हे काही होत नाही, पण थांबू नका, सात-आठ मिनिटांनी तो पांढराशुभ्र होतो, दहाव्या मिनिटाला भांडं उपडं केलं तरी पडत नाही. साखर मधूनमधून चमच्याचमच्यानं घाला. २०१४ साली जोएल रोएसेल ह्या फ्रेंच गायकानं कडधान्याच्या पाण्याचा असा फेस होतो हे लोकांसमोर आणलं, आणि पुढच्या वर्षी त्याला ॲक्वाफाबा हे नाव पडलं. एका अंड्याच्या जागी तीन मोठे चमचे पाणी धरा. चण्याचा वास कच्च्या फेसाला थोडा येतो, भाजल्यावर नाही.

मी आठ महिने व्हीगन आहे, तब्येत एकदम मस्त. मैत्रीण म्हणते स्पिरुलिना (शेवाळाची पावडर) घे, बी-१२ जीवनसत्त्व त्यातून मिळतं. मला गोळ्या आवडत नाहीत, ते काही नैसर्गिक वाटत नाही. खरंच घ्यायलाच हवी का?

हो. घ्यायलाच हवी, आजपासून.

आता मी तुला तूच म्हणते कारण तुझं पत्र वाचून मला पंधरा वर्षांपूर्वीची मीच दिसले. मीही पहिली तीन वर्षं गोळी घेतली नाही, तब्येत मस्त आहे ना मग कशाला, हेच म्हणायचे. मग पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, मी म्हटलं बूट घट्ट झालेत. एकदा जिना उतरताना एका पायातली चप्पल निसटली आणि मला कळलंच नाही, खाली आल्यावर बघते तर पाय अनवाणी. त्या दिवशी घाबरले. रक्त तपासलं तर बी-१२ तळाला गेलेलं. इंजेक्शनं घेतली, मुंग्या जायला कित्येक महिने लागले, आणि डॉक्टर म्हणाले अजून उशीर केला असतास तर नसांचं नुकसान भरून आलं नसतं.

आठ महिने काही जाणवत नाही कारण यकृतात साठा असतो, कुणाचा काही वर्षंही पुरतो, म्हणून हे फसवं आहे. हिरव्या भाज्या, कडधान्यं भरपूर खाणाऱ्यांचं अजून एक, त्यातल्या फोलेट ह्या जीवनसत्त्वामुळे रक्त बरं दिसतं आणि नसांचं नुकसान मात्र आत चालूच राहतं. स्पिरुलिनात जे असतं ते बहुतांश बी-१२ सारखं दिसणारं पण शरीराला न वापरता येणारं, त्यावर विसंबू नकोस.

नैसर्गिक नाही म्हणतेस, तर बी-१२ ना झाड बनवतं ना गाय, ते फक्त जिवाणू बनवतात. गाईला ते तिच्या पोटातल्या जिवाणूंकडून मिळतं आणि पाळलेल्या जनावरांना त्यासाठी अनेक ठिकाणी खाद्यातून कोबाल्ट नाहीतर सरळ बी-१२ द्यावं लागतं. गोळीतलंही जिवाणूंनीच बनवलेलं असतं, फक्त मधलं जनावर नाही.

किती घ्यायची ते ऐक, आकडे विचित्र वाटतात पण त्याला कारण आहे. शरीर एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच नीट शोषून घेतं, त्याच्यावरचं साधारण शंभरातलं एक. म्हणून रोज घेतलीस तर १० मायक्रोग्रॅमची पुरते, पण आठवड्यातून एकदाच घ्यायची तर २००० लागते. विसरभोळी असशील तर आठवड्याची घे आणि वार ठरव, माझा रविवार आहे. आत्ता एकदा तपासूनही घे.

डी जीवनसत्त्व घेत असशील तर एवढं बघ, डी-३ सहसा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात, दगडफुलापासून काढलेलं डी-३ पण मिळतं. आणि डॉक्टरांनी दिलेलं एखादं औषध जिलेटिनच्या (जनावरांच्या हाडाकातड्यापासूनच्या) कॅप्सूलमध्ये असेल तर ते परस्पर बंद करायचं नाही, दुसऱ्या रूपात मिळतं का ते त्यांनाच विचार.

डार्क चॉकलेटवर 'दुधाचे अंश असू शकतात' लिहिलंय. म्हणजे ते व्हीगन नाही का?

ते ॲलर्जीवाल्यांसाठी असतं, त्याच मशिनवर दुधाचं चॉकलेटही बनतं एवढाच अर्थ. घटकांच्या यादीत दूध नसेल तर मी खाते. यादीत केसिन आणि व्हे (दोन्ही दुधातलीच), जिलेटिन, आणि नंबर असतील तर ई १२० (किड्यांपासूनचा लाल रंग), ई ९०१ (मधमाशांचं मेण), ई ९०४ (लाख, तीही किड्यांपासूनची) एवढे पाठ करून ठेवलेत तरी बरंच भागतं.

माझ्याकडे चामड्याचे दोन जोड बूट, एक बेल्ट आणि एक सिल्कचा शर्ट आहे. ते वापरले की ढोंगी वाटतं, फेकले की वाया गेल्यासारखं. आणि नवीन घ्यायचं तर सगळं प्लॅस्टिक. मी पूर्ण गोंधळलोय.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ढोंगी हा शब्द फार मनाला लागला कारण ह्या एका शब्दापायी कितीतरी जणांनी सगळंच सोडून दिलेलं मी पाहिलंय. १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि काही मंडळींनी व्हीगन सोसायटी काढली, तिच्या आजच्या व्याख्येतच 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं' असं आहे. तो काही पळवाटीसाठी घातलेला शब्द नाही, माणसानं जमणाऱ्या गोष्टी नक्की कराव्यात म्हणून आहे. बूट फेकले तर त्या जनावराला काय मिळालं? झिजेपर्यंत वापरा, नाहीतर ज्याला गरज आहे त्याला द्या, पायात घालवतच नसतील तर दुसरा पर्याय बरोबर आहे. मी माझा बेल्ट सहा वर्षं वापरला. निर्णय घ्यायचाय तो पुढच्या जोडाचा.

बुटाच्या आत किंवा तळाला पुष्कळदा छोटी चिन्हं असतात, वरचा भाग, अस्तर आणि तळ ह्यांची वेगवेगळी. जनावराच्या पसरलेल्या कातड्याच्या आकाराचं चिन्ह म्हणजे चामडं, जाळी म्हणजे कापड, नुसता चौकोन टोकावर उभा असेल तर इतर काही, म्हणजे रबर, प्लॅस्टिक वगैरे. तिन्ही बघा, वरून कॅनव्हास आणि आत चामड्याचं अस्तर असलेले बूट मी स्वतः घेऊन बसले होते. डिंक मात्र कळत नाही, तो कंपनीला विचारावा लागतो.

प्लॅस्टिकची तुमची तक्रार खरी आहे आणि ती मी उडवून लावणार नाही. नकली चामडं म्हणजे बहुतेक पीव्हीसी नाहीतर पीयू, दोन्ही प्लॅस्टिकचेच प्रकार. दोन्हीत निवडायचंच तर पीयू, कारण पीव्हीसीत क्लोरिन असतो आणि ते मऊ राहावं म्हणून घातलेली रसायनं बाहेर येत राहतात. अननसाच्या पानांपासून, निवडुंगापासून केलेलं चामडं मिळतं, चांगली गोष्ट आहे, पण त्यावरही बऱ्याचदा प्लॅस्टिकचा थर असतोच, तेव्हा नावावर भाळू नका. दुसरीकडे खरं चामडंही बहुतांश क्रोमियम वापरून कमावतात, म्हणजे तेही काही नुसतं मातीत मिसळणारं उरलेलं नसतं. माझं साधं धोरण असं की कॅनव्हास आणि रबरावर भागतं तिथे तेच, आणि पीयू घेतला तर एकच जोड, शिवता येईल असा, आणि तो वर्षानुवर्षं वापरायचा.

शर्टाचं, तर सिल्कचा धागा अखंड मिळावा म्हणून कोश आतल्या किड्यासकट गरम पाण्यात टाकतात, हे एकदा कळलं की नवीन घ्यावंसं वाटत नाही. तशी झुळझुळ हवी असेल तर लायोसेल बघा, लाकडाच्या लगद्यापासूनचं कापड आहे. लेबल निघालेलं जुनं कापड कशाचं आहे कळत नसेल तर आतल्या शिवणीतला एक धागा काढा, चिमट्यात धरा, सिंकवर नेऊन पेटवा. केस जळल्याचा वास आला आणि काळी राख बोटानं चुरली तर लोकर किंवा सिल्क. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ करडी राख म्हणजे सुती. वितळून टणक मणी झाला तर पॉलिस्टर.

माझी सोळा वर्षांची मुलगी व्हीगन झालीय. जेवणाचं मी जमवते, पण मी दोन हिवाळे बसून विणलेला लोकरीचा स्वेटर ती आता घालत नाही. तिला काही बोलले नाही, पण रडू आलं.

येणारच हो. दोन हिवाळे म्हणजे काय ते विणणाऱ्यालाच माहीत.

जेवणाचं आधी पटकन सांगते. वाढीचं वय आहे, रोज १३०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, तेव्हा कॅल्शियम घालून केलेला टोफू आणि तसंच सोया दूध रोज असू द्या, पालकावर विसंबू नका, त्यातलं कॅल्शियम अंगी लागत नाही. लोहासाठी कडधान्यांबरोबर काहीतरी आंबट फळ किंवा कच्ची भोपळी मिरची, आणि चहा-कॉफी जेवणानंतर तासाभरानं. बी-१२ वर लिहिलंय तेच.

आता स्वेटर. तिनं तुम्हाला नाकारलेलं नाही, पण तुम्ही काही बोलला नाहीत तसं तीही बोलली नसणार. आजची मेंढी माणसानं अशी पैदास केलीय की तिची लोकर आपोआप गळत नाही, आणि मेरिनो जातीच्या पुष्कळ मेंढ्यांच्या शेपटीजवळची कातडी माशा बसू नयेत म्हणून कापून काढतात, हे तिनं कुठेतरी पाहिलं असेल. सोळाव्या वर्षी असं काही डोळ्यांपुढून हलत नाही. तिला एकदा सांगा की तुम्हाला रडू आलं, रागानं नाही, नुसतं सांगा. तो स्वेटर तुमच्याकडे ठेवा, टाकायचा काही प्रश्नच नाही.

आणि मग सुतात विणा. सूत लोकरीसारखं ताणून परत जागेवर येत नाही आणि जड असतं, त्यामुळे तीच सुई घेतलीत तर स्वेटर आठवड्यात गुडघ्याकडे निघेल, एक नंबर बारीक सुई घ्या. शिवाय सुतात ॲक्रिलिक मिसळलेलं घेतलंत तर हलकं होतं आणि ऊबही जास्त, फक्त ते मशिनमध्ये गार पाण्यात आणि मशिन पूर्ण भरलेलं असतानाच धुवायचं म्हणजे तंतू कमी सुटतात. आधी वीतभर चौकोन विणून बघा, धुवा, खाली क्लिपा अडकवून लोंबता वाळवा आणि मगच टाके मोजा. रंग मात्र तिला बरोबर नेऊन तिलाच निवडू द्या.