हाँगकाँगला नोकरीसाठी जातोय. रोजच्या बोलण्यासाठी कँटोनीजमधली कोणती क्रियाविशेषणं आधी शिकू?

आधी ही सहा पक्की करा: चुंग (अजून), ङाम-ङाम (आत्ताच), सिंग-यात (सारखं, नेहमी), चिक-हाक (लगेच), सिन (आधी) आणि थिम (शिवाय, आणखी). ही कानानेच शिकावी लागतात, कारण तिथली पाठ्यपुस्तकं आणि बातम्या बहुतांशी प्रमाण लिखित चिनीत असतात आणि ‘सिंग-यात’सारखे बोलीतले शब्द त्यांत क्वचितच दिसतात. सर्वांत जास्त सराव ‘सिन’चा करा. तो क्रियापदानंतर येतो: ‘ङो हांग सिन’, म्हणजे ‘मी निघतो आधी’. ऑफिसातून निघताना, जेवणावरून उठताना हे वाक्य फार उपयोगी पडतं. मँडरिन शिकलेले लोक इथे हमखास अडतात, कारण तिकडे हाच शब्द क्रियापदाच्या आधी येतो. कँटोनीजमध्ये तसा ठेवला तर अर्थ बहुधा ‘तेव्हा कुठे’ असा होतो. ‘थिम’सुद्धा शेवटीच येतो. फक्त एक लक्षात घ्या, वरची देवनागरी अंदाजापुरतीच आहे. कँटोनीजचे सहा सूर (आवाजाचे चढउतार, ज्यांनी अर्थ बदलतो) तिच्यात दिसत नाहीत, म्हणून १ ते ६ आकड्यांनी सूर दाखवणारी ‘ज्युटपिंग’ ही रोमन अक्षरांत लिहिण्याची पद्धत पहिल्या आठवड्यातच शिकून घ्या आणि प्रत्येक शब्द ध्वनिमुद्रणासोबत म्हणा. ‘ङाम-ङाम’ऐवजी ‘आम-आम’ ऐकू आलं तर गोंधळू नका, पुष्कळ जण सुरुवातीचा ङ गाळतात.